फुल शर्टाच्या बाजूनं चार शब्द

उन्हाळा आला की अंगावरचे कपडे कमी करायचे, हा आपल्याकडे जवळजवळ नियमच आहे. मार्च उजाडला की हॉस्टेलच्या दोऱ्यांवरून फुल शर्ट गायब होतात. त्यांच्या जागी स्लीव्हलेस, बर्म्युडा, थ्री-फोर्थ आणि धुऊन धुऊन विरलेले टी-शर्ट वाळताना दिसतात. पंख्याखाली बसायचं असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण हेच कपडे घालून आपण भर दुपारी सायकल काढतो आणि हातकणंगले स्टेशनला, नाहीतर कोरोचीवरून थेट इचलकरंजीला जातो, तेव्हा मात्र मला बोलावंसं वाटतं. उघडं अंग म्हणजे थंड अंग, हे सावलीत खरं आहे. उन्हात ते खरं नाही. आणि आपण तर इंजिनिअर व्हायला निघालोय. निदान आकडेमोड करून तरी बघूया!

आधी आपला रस्ता बघा. स्टेशन हातकणंगल्यात, बाजार इचलकरंजीत, आणि रविवारी कुणाला तरी बाहुबलीच्या डोंगराची हुक्की येतेच. बसची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात सायकल पोचते, म्हणून आपल्यातले कितीतरी जण सायकलवाले. रस्ते रुंद होत गेले तशी कडेची सावली कमी झाली. दोन्ही बाजूंना ऊस आहे, पण ऊस काही रस्त्यावर सावली धरत नाही, उलट वारा मात्र अडवतो. एप्रिलमध्ये पारा ३७-३८ ला टेकलेला असतो. खालून डांबर भाजतं, वरून सूर्य भाजतो आणि मध्ये आपण पेडल मारत असतो.

आता आकडे, अगदी ढोबळ. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडलला मिळतो, बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. ताशी १५ किलोमीटरच्या साध्या वेगाला पेडलवर साधारण ६० वॅट लागतात असं धरलं, तर अंगात एकूण अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणजे रेक्टर मॅडम जप्त करतात त्या हजार वॅटच्या पाण्याच्या रॉडचा चौथा हिस्सा! सायकलवर वाकलेल्या माणसाच्या उघड्या पाठीवर, मानेवर, हातांवर भर दुपारचा सूर्य आणखी दोनशे वॅट तरी ओततो. एकूण साडेचारशे झाले. ही उष्णता बाहेर टाकायला आपल्याकडे मुख्य साधन एकच, घाम. एक लिटर घाम वाळताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता नेतो. साडेचारशे वॅटसाठी तासाला पाऊण लिटरच्या जवळपास घाम वाळायला हवा. आता कपड्यानं सूर्याचा निम्मा भार जरी कातडीपर्यंत पोचण्याआधी अडवला, तरी तासाला दीडशे मिलिलिटर घाम वाचतो. आपल्या मेसचा स्टीलचा ग्लास डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे पाणी किती ते कळेल.

वारा लागतोय ना, मग काय, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उन्हात कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम असेल तर नुसता वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. थंडावा वाटतो तो घाम वाळल्यामुळे. वारा लागत असला तरी सूर्याचे दोनशे वॅट काही कमी होत नाहीत. ते कमी करायला सावलीच पाहिजे. रस्त्यावर नसेल तर अंगावर पाहिजे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत ई. एफ. अडॉल्फ नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले आणि १९४७ साली त्यावर पुस्तक काढलं. उन्हात उघड्या अंगाच्या माणसाला कपडे घातलेल्या माणसापेक्षा जास्त घाम गाळावा लागतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. पण खरं सांगू का? यासाठी अमेरिकेलाही जायला नको. कॉलेजच्या कंपाउंडबाहेर उसाच्या शेतात बघा. भांगलणीला जाणाऱ्या बायका साडीवरून घरातल्या पुरुषाचा जुना फुल शर्ट घालतात आणि डोक्याला टॉवेल बांधतात. उसाचं पान हात कापतं म्हणून शर्ट, हे तर आहेच. पण ऊनही त्याच शर्टावर झेललं जातं. आमच्या मेसच्या मावशी मला एकदा दारातच म्हणाल्या, "आगं, ह्या उनात असल्या उघड्या हातानं सायकल हाणतीस व्हय? भावाचा एखादा जुना शर्ट घाल की वरनं!" हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात रेडिएशन शील्ड नावाचं जे प्रकरण आहे, ते मावशींनी एका वाक्यात संपवलं.

अर्थात कुठलाही शर्ट चालेल असं नाही. कापड घामाच्या वाफेला थोडं अडवतं हे खरंच आहे, म्हणून शर्ट सैल हवा. शर्ट आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे, म्हणजे शर्टानं शोषलेली उष्णता अंगाला लागण्याआधी वारा घेऊन जातो. यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. वाळवंटातले बेदुईन लोक काळे पायघोळ झगे का घालतात, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. काळा रंग तर जास्त तापतो! त्यांनी काळा आणि पांढरा झगा घालून भर उन्हात मोजमाप केलं आणि १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष छापला. काळं कापड जास्त तापलं हे खरं, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचलीच नाही. अंगाला दोन्ही झग्यांत सारखीच उष्णता लागली. म्हणजे रंगाआधी सैलपणा बघायचा. याचा अर्थ घट्ट काळा टी-शर्ट चालेल असा कुणी काढू नये. अंगाला चिकटलेलं काळं कापड तापलं की ते सरळ अंगालाच तापवणार.

दुसरी गोष्ट विणीची. सूर्याची उष्णता वेगळी आणि अतिनील किरणं वेगळी. कापड किती अतिनील किरणं आत सोडतं यासाठी यूपीएफ नावाचा आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच हिस्सा आत येतो. याचं जगातलं पहिलं प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं १९९६ साली ठरवलं. तिथं त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण फार, म्हणून त्यांना गरजही तेवढीच. त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' अशी मोहीम सुरू झाली. त्यातलं 'स्लिप' म्हणजे शर्ट चढवा, 'स्लॉप' म्हणजे क्रीम लावा आणि 'स्लॅप' म्हणजे टोपी घाला. लक्षात घ्या, पहिला नंबर शर्टाचा आहे, क्रीमचा नाही! आपण मात्र महागातली सनस्क्रीन आणतो आणि वर स्लीव्हलेस घालून निघतो.

पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ पाच ते सातच्या आसपास भरतो, म्हणजे सहावा-सातवा हिस्सा आत येतोच. तो घामानं भिजला की संरक्षण आणखी कमी होतं. जीन्सचं कापड याबाबतीत उत्तम, पण जाड आणि जड. भिजलेली जीन्स घालून सायकल मारणं म्हणजे शिक्षाच. मधला मार्ग म्हणजे घट्ट विणीचं, वजनाला हलकं, सुती कापड. आणि इथं आपलं नशीब बघा, असं कापड जिथं विणलं जातं त्या गावाशेजारीच आपण राहतो.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून हे गाव जे खडखडतंय ते आजतागायत. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ते उगाच नाही. गावात शिरलं की लूमचा आवाज आधी येतो आणि गाव नंतर दिसतं. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतर, काय काय इथं विणलं जातं. यातली मलमल घरात घालायला छान, पण उन्हासाठी फार विरळ. सायकलसाठी पॉपलीन घ्या. दुकानात रीड-पिक विचारलं, म्हणजे इंचात उभे आडवे किती धागे, तर दुकानदार पोरीकडे जरा चमकून बघतो, पण सांगतो. जास्त धागे म्हणजे भोकं कमी, आणि भोकं कमी म्हणजे ऊन कमी. तेही विचारायचं नसेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर कापड धरा. नळी स्पष्ट दिसली तर ते कापड ठेवून द्या.

अजून एक गंमत. लूमवरून उतरलेलं, ब्लीच न केलेलं कोरं कापड असतं ना, ज्याला व्यापारी ग्रे म्हणतात आणि आपले आजी-आजोबा मांजरपाट म्हणायचे, ते दिसायला मळकट पिवळसर असतं. पण कापसातली नैसर्गिक रंगद्रव्यं त्यात शिल्लक असल्यामुळे ते ब्लीच केलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा अतिनील किरणं जास्त अडवतं. सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं आणि वीण आणखी घट्ट होते. म्हणून आधी धुवा, खळ जाऊ दे, मगच शिवायला टाका. शिंपीकाकांना सांगा, एक नंबर मोठा शिवा, बगलेत सैल ठेवा. तयार ब्रँडेड जर्सीच्या किमतीत असे दोन शर्ट सहज होतात.

आता जर्सीचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. रविवारी सकाळी हायवेला रंगीबेरंगी घट्ट कपड्यांतले सायकलस्वार दिसतात आणि आपल्यालाही वाटतं की सायकलिंग म्हणजे हेच. ते कपडे वाईट नाहीत, पण ते शर्यतीसाठी आहेत. हवेच्या विरोधाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की ती आठपट. ताशी ३०-३५ ला फडफडणारा शर्ट खरंच नडतो. आपण १५ नं जाणार, कॅरिअरला असाइनमेंटची फाइल अडकवून! आपल्याला त्या घट्टपणाचा फायदा नगण्य. शिवाय ताणलेल्या कापडाची वीण उघडते आणि ऊन आत शिरतं ते वेगळंच.

पॉलिएस्टरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर टेक्स्टाइलवाले मित्र मला सोडणार नाहीत. पॉलिएस्टर अतिनील किरणं चांगली शोषतं आणि पाणी धरत नाही म्हणून पटकन वाळतं. सुती कापड घाम पिऊन बसतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे बसणं उपयोगाचं, कारण कापड माठासारखं वागतं, पाझरतं आणि गार पडतं. पण मे संपत आला, वळीव पडून गेला, हवा दमट झाली की सुती शर्ट वाळता वाळत नाही आणि अंगाला चिकटून राहतो. तेव्हा जाळीदार विणीचा, सैल, लांब बाह्यांचा पॉलिएस्टर शर्ट उजवा ठरतो. कोणतंही कापड बारा महिने एक नंबर नसतं. पण सैल आणि लांब बाह्यांचा, हे दोन्ही ऋतूंत कायम.

इतकं सगळं सोपं असताना आपण हे घालत का नाही? मला वाटतं, खरा अडथळा हवामानाचा नाहीच, लाजेचा आहे. मुलांना वाटतं, सैल फुल शर्ट आणि डोक्याला टॉवेल म्हणजे गावठी. दंडावर अर्ध्या बाहीची काळी-गोरी सीमारेषा मिरवतील, पण बाही लांब करणार नाहीत. आम्हा मुलींची तऱ्हा वेगळी. आम्ही स्कार्फ गुंडाळला, सनकोट घातला की लगेच डाकूराणी, अतिरेकी अशी नावं ठेवायची आणि वर म्हणायचं, गोरं राहायचंय ना! घरातही तेच. "उन्हात फिरू नकोस, काळी पडशील, लग्नाला अवघड जाईल" हे वाक्य प्रत्येकीनं ऐकलंय. एका प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' शब्द काढला, पण आपल्या मावश्या-काकूंच्या बोलण्यातून तो अजून निघालेला नाही.

मी सनकोट घालते आणि घालणार. पण गोरं राहण्यासाठी नाही. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन आहे आणि ते आपलं बऱ्यापैकी रक्षण करतं. त्वचेचा कॅन्सर ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांना जितका होतो त्याच्या मानानं आपल्याकडे खूप कमी आहे. काळं पडणं हा आजार नाही. उष्माघात मात्र आजार आहे, आणि तो गोरा-काळा, मुलगा-मुलगी बघत नाही. म्हणून सनकोटला सौंदर्यप्रसाधनातून बाहेर काढा आणि हेल्मेटशेजारी ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. मुलांनीही घालावा. शेतातल्या बायका पुरुषांचा शर्ट घालायला लाजत नाहीत, मग मुलांना बायकांकडून एक गोष्ट शिकायला लाज कसली?

दुसरा अडथळा युनिफॉर्मचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मे महिन्याच्या तोंडावरसुद्धा टाय, बेल्ट, टेरिकॉटचा स्कर्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे! लंडनच्या हवेचा युनिफॉर्म आम्ही कोल्हापूरच्या उन्हात घालत होतो. गळ्याशी टाय आवळली की शर्टातली गरम हवा बाहेर निघायची वाटच बंद. तेव्हा वाटायचं, कॉलेजला गेलं की सुटका. पण इंजिनिअरिंगच्या कॉलेजांतही बहुतेक ठिकाणी तेच टेरिकॉट, तोच इन केलेला शर्ट आणि तेच काळे बूट.

सर-मॅडमना माझी नम्र विनंती आहे. युनिफॉर्म असू दे, त्यानं गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो हे मला पटतं. पण मार्च ते जून एवढ्या महिन्यांसाठी तीन बदल करा. शर्टाचं कापड पूर्ण सुती, शर्ट इन न करण्याची मोकळीक आणि गेटपर्यंत टोपी-स्कार्फला मनाई नाही. वर्कशॉपचा नियम वेगळा राहू दे. लेथवर सैल बाही नको, हे पहिल्याच वर्षी शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण अख्खं कॉलेज काही लेथवर उभं नसतं! आणि जमलंच तर हे कापड इचलकरंजीतूनच घ्या. आपल्या शेजारच्या मागावर विणलेला शर्ट आपल्या अंगावर, याहून चांगला इंडस्ट्री-इन्स्टिट्यूट इंटरॅक्शन कुठला?

आता सायकलवाल्यांसाठी थोडं कामाचं. शर्ट फिक्या रंगाचा, घट्ट विणीचा, सैल, लांब बाह्यांचा. कॉलर उभी करता येईल असा, कारण वाकल्यावर मान सगळ्यात जास्त भाजते. खाली सुती सैल पँट किंवा सलवार, पण घोट्याशी क्लिप किंवा रबर लावून, नाहीतर चेन ती गिळणारच. ओढणी आणि स्कार्फची टोकं शर्टात खोचा. चाकात ओढणी गेली तर ऊन परवडलं म्हणायची वेळ येते. हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल आणि मानेवर एक ओला रुमाल. हँडल धरल्यावर हाताची मागची बाजू सतत उन्हात असते, म्हणून बाही मनगटापुढे येईल इतकी लांब. बाटलीला ओलं फडकं गुंडाळा, पाणी बेताचं गार राहतं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगते. चांगला शर्ट म्हणजे दुपारी एकला बाहेर पडायचं लायसन नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्काराचा मोठा कार्यक्रम झाला. तिथं पारा काही ४५ वर गेला नव्हता. तरी डोक्यावर छप्पर नसताना तासन् तास उन्हात बसलेल्या लोकांना उष्माघात झाला आणि सरकारी आकड्यानुसार १४ माणसं गेली. बसून ही गत, तर पेडल मारताना काय? सायकल सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर काढा. कुणाला गरगरलं, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून आलं, तर त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. "थोडा वेळ झोप, बरं वाटेल" असं म्हणून रूमवर एकटं सोडू नका.

मला माहीत आहे, हा लेख वाचून काही जण हसतील आणि उद्या मेसमध्ये "काय मॅडम, टॉवेल कुठाय?" असं विचारतील. विचारू देत. फॅशन दरवर्षी बदलते. सूर्य आपले दोनशे वॅट दरवर्षी तेवढेच पाठवतो. या रविवारी इचलकरंजीला जाताना एक जण अर्ध्या बाहीत आणि एक जण सैल फुल शर्टात निघा, सारख्याच वेगानं. पोचल्यावर दोघांची मान आणि दंड हात लावून बघा, कोण किती पाणी प्यायलं ते मोजा. मग पटलं तर पुढच्या रविवारी दोघंही फुल शर्ट घाला, आणि नाही पटलं तर माझ्याशी भांडायला या. पण येताना सावलीतून या!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल